क्रियापदाची फोड

दिवाळीच्या सुट्टीत नात पुण्याहून आली, की आमच्या घरात तिचं राज्य सुरू होतं. ती उठेल तेव्हा सकाळ आणि ती निजेल तेव्हा रात्र. यंदा ती आली ती एक जाडजूड वही छातीशी धरूनच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. ही आत चकल्यांच्या भाजणीत गुंतली होती, आणि नात अंगणात येरझारा घालीत एकच शब्द घोकत होती – "पार्ले, पार्ले, पार्ले."

पोर लांबून आलेली. फराळाला अजून अवकाश. हिला तिची दया आली. भाजणीचे हात पदराला पुसून तिनं डब्यातला बिस्किटांचा पुडा काढला आणि तो नातीपुढे धरला.

"अगं आजी, बिस्किटं नाही!" नात हसून हसून पायरीवर बसली. "फ्रेंच शिकतेय मी. पार्ले म्हणजे बोलणं."

"बोलणं व्हय?" ही म्हणाली. "मग बोल की मोठ्यानं. पुटपुटायलीस कशाला?"

पुडा तिथंच ठेवून ही आत गेली. बिस्किटांना कुणी नाही म्हटलं नाही, हे सांगायला नकोच.

मी चौतीस वर्षं मराठीचा मास्तर होतो. मास्तर निवृत्त होतो, त्याची खोड निवृत्त होत नाही. कुणी वही उघडली, की माझी मान आपोआप वळते. मी म्हटलं, "आण इकडे. बघू काय शिकवतात तुम्हाला."

वहीत एक तक्ता होता. डावीकडे क्रियापदाचं रूप आणि त्यापुढे दोन रकाने. पहिल्यात त्या रूपाचे उच्चाराप्रमाणे तुकडे पाडायचे, दुसऱ्यात अर्थाप्रमाणे. नातीचं घोडं तिथंच अडलं होतं.

"हे बघा आबा," ती सांगू लागली. "नू पार्लों म्हणजे आम्ही बोलतो. तोंडानं म्हणताना त्याचे दोन तुकडे होतात – पार आणि लों. पण अर्थाचे तुकडे करायचे तर पार्ल हा धातू आणि ओं हा प्रत्यय. म्हणजे तो मधला ल पहिल्या रकान्यात शेजारच्या घरी जातो, आणि दुसऱ्या रकान्यात आपल्या घरी परत येतो. असं कसं? शब्द एक आणि चिरण्याच्या जागा दोन?"

प्रश्न मोठा फक्कड होता. ती फ्रेंच शिकवणारी बाई कोण असेल ती असो, तिला मी ओसरीवरूनच नमस्कार केला. कारण मी चौतीस वर्षं धातू आणि प्रत्यय शिकवले, पण हा प्रश्न मला एकाही पोरानं विचारला नाही. आणि खरं सांगायचं, तर मी तो त्यांना सुचूही दिला नाही.

"थांब," मी म्हटलं. "आपण आधी आपल्या घरातलं बघू, मग फ्रान्सला जाऊ."

आमचं गाव तेर. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणा नदीच्या काठचं, गोरोबाकाकांचं. गोरोबा कुंभारांच्या थापटण्याची गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईंनी त्या थापटण्याची चौकशी केली. यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं, असं ऐकल्यावर त्यांनी संतांचीच मडकी तपासायला सांगितली. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प राहिले, नामदेव तेवढे कुरकुरले आणि कच्चे ठरले. ही गोष्ट मी पहिलीदुसरीच्या पोरांना उच्चार शिकवताना वापरीत असे. हात मांडीवर मारायचा आणि शब्द म्हणायचा. जितके ठोके, तितके उच्चाराचे तुकडे.

मी नातीला म्हटलं, "म्हण, बसू."

तिनं मांडीवर थाप मारली. ब, सू. दोन ठोके.

"आता अर्थाचे तुकडे कर."

"बस आणि ऊ," ती म्हणाली, आणि थबकली. "अगंबाई! इथंही तसंच झालं! स तोंडात सू बरोबर जातो, पण अर्थात बस बरोबर राहतो."

मग तिला चेवच आला. करीन – तोंडात क आणि रीन, अर्थात कर आणि ईन. उठेल – तोंडात उ आणि ठेल, अर्थात उठ आणि एल. पळतो घेतलं, तेव्हा मात्र दोन्ही रकाने सारखेच आले, पळ आणि तो. याचं कारणही तिनंच काढलं. प्रत्यय व्यंजनानं सुरू झाला तर दोन्ही चिरा एकाच जागी पडतात. तो स्वरानं सुरू झाला, की धातूच्या शेवटच्या व्यंजनाला ओढून घेतो. जिभेला स्वरापुढे व्यंजन लागतंच. मग ते व्यंजन कोणत्या घरचं आहे, याची ती चौकशी करीत नाही.

फ्रेंच छापखान्यातही ओळ संपताना शब्द तोडायची वेळ आली, तर तोडणी जिभेच्या चिरेवरच होते, व्याकरणाच्या नव्हे. पार ओळीच्या शेवटी राहील आणि लों पुढच्या ओळीत जाईल. तिच्या वहीत याहून गमतीचा एक नमुना होता. फिनिसों, म्हणजे आम्ही संपवतो. तोंडाचे तुकडे फि, नि, सों. अर्थाचे तुकडे फिन, इस, ओं. तिन्हीतला एकही एकमेकांशी जुळत नाही!

त्यात आणखी एक तिसरी भानगड असते, ती लेखणीची. फ्रेंच माणूस बोलणे या क्रियापदाची वर्तमानकाळातली सहा रूपं घोकतो, त्यांतली चार कानाला सारखीच लागतात – पार्ल, पार्ल, पार्ल आणि पार्ल. कागदावर मात्र त्या सगळ्यांच्या शेपट्या एकसारख्या नसतात. नात वैतागून म्हणाली, "लिहायचं, पण म्हणायचं नाही! हा काय चावटपणा?" मी म्हटलं, "आपण तरी कुठं साव आहोत? करतो हे लिहिताना अक्षरं तीन, ठोके मात्र दोनच. त्या र मधला अ आपण लिहितो आणि गिळतो." पहिलीतलं पोर क, र, तो असं सुटं वाचतं आणि मास्तराच्या तोंडाकडे बघतं. मास्तर करतो म्हणाला, की त्याच्या डोळ्यांत उजेड पडतो. तो गिळलेला अ जिथं कळला, तिथं पोराला वाचता येऊ लागलं असं समजावं.

आमच्या जिल्ह्याच्या नावातही हा खेळ कित्येक वर्षं पाटीवर लिहिलेला होता. सातव्या निजामाच्या नावावरून उस्मानाबाद. अर्थाचे तुकडे उस्मान आणि आबाद. ठोके मात्र उस, मा, ना, बाद. त्या मधल्या ना मध्ये उस्मानचा न आणि आबादचा आ असे एका खोलीत राहत. आता 2023 पासून सरकारी पाटीवरही जुनं धाराशिव आलं. नावांचं काय ते मोठ्या माणसांनी पाहून घ्यावं. मला आपला तो ना आठवतो.

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. दुपारी नात पुन्हा वही घेऊन आली. आता भविष्यकाळ. ती म्हणू लागली, "झ पार्लरे, त्यू पार्लरा, इल पार्लरा..."

आतून आवाज आला, "आता पार्लरात जायचं का? दिवाळीचं?"

पुन्हा हशा. हशा ओसरल्यावर नात म्हणाली, "आबा, यात मॅडमनी एक गंमत सांगितलीय. झ पार्लरे म्हणजे मी बोलेन. त्यातलं पार्लेर हे बोलणे. आणि शेवटचा ए आहे ना, तो प्रत्यय नव्हताच मुळात! ते एक अख्खं क्रियापद होतं. झे म्हणजे माझ्याकडे आहे. तोच हा ए. म्हणजे पूर्वी लोक, मला बोलायचं आहे, असं म्हणायचे. मग हळूहळू ते आहे बोलण्याला चिकटलं, आणि त्याचा प्रत्यय झाला."

"आणि आम्ही बोलू?" मी विचारलं.

"नू पार्लरों. आमच्याकडे आहे हे नुसतं म्हणायचं तर आव्हों. पण चिकटताना त्याचा आव्ह गळाला आणि नुसता ओं राहिला. म्हणजे धातूच गेला, शेपूट तेवढी उरली!"

ती पुढे काहीतरी सांगत होती. माझं लक्ष नव्हतं. मी वर्तमानपत्र उगीच उलटंपालटं केलं. धातू गेला आणि शेपूट उरली – हे मी कुठंतरी पाहिलं होतं. पाहिलं होतं, आणि त्यावर लाल शाईनं काट मारली होती.

त्याचं असं आहे. माझ्या वडिलांची वरच्या वर्गांतली शाळा उर्दूत झाली. निजामाच्या राज्यात तीच रीत होती. घरात मराठी, देवळात मराठी, पण शाळेत आणि कचेरीत उर्दू. 17 सप्टेंबर 1948 नंतर ते राज्य गेलं. 1956 साली आमचा मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि 1960 साली महाराष्ट्र झाला. वरचे वर्ग मराठीतून शिकलेली आमच्या घरातली पहिली पिढी म्हणजे मी. तेव्हा मराठी आमच्या हातात आली ती नव्या कोऱ्या भांड्यासारखी. तिला ओरखडा लागू नये असं वाटे. मी मास्तर झालो आणि त्या भांड्याचा राखणदार होऊन बसलो.

आणि आमच्या पोरांच्या तोंडात भाषा कोणती? पुस्तकात करतो आहे असेल, तिथं आमच्याकडे करायलो. तू करतो आहेस, तिथं तू करायलास. ती करायली. पाऊस पडायलाय. वडीलधाऱ्याला विचारायचं तर काय करायलाव? लातूरच्या अंगाला गेलं, की करूलालास ऐकू येतं. ही रूपं कुठल्याही शालेय व्याकरणात नव्हती. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण लिहिलं, मोरो केशव दामल्यांनी 1911 साली शास्त्रीय मराठी व्याकरण लिहिलं. शाळेत आमच्यापर्यंत आली ती त्यांच्या वाटेनं आलेली ताख्यातं, लाख्यातं आणि ईलाख्यातं. करायलास त्यात बसेना. जे बसत नाही ते अशुद्ध, असा माझा सोपा हिशेब होता.

एकदा सातवीच्या वर्गाला मी निबंध घातला – पावसाळ्यातील एक दिवस. एका मुलानं लिहिलं होतं – पाऊस पडायलाय. माय भाकरी करायली. बाप अजून रानातच हाय. मी तीन काटे मारले, वर अशुद्ध असं लिहिलं आणि दहापैकी चार गुण दिले. पुढच्या खेपेला त्याच मुलानं लिहिलं – पावसाळा हा सर्वांचा आवडता ऋतू आहे. एकही चूक नव्हती. मी सात गुण दिले. त्या निबंधात मायही नव्हती, भाकरीही नव्हती आणि रानात अडकलेला बापही नव्हता. हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षं लागली.

पण त्या मुलाचं एक वेळ सोडा. मास्तर म्हणून माझं ते कामच होतं. शाळेनं प्रमाण भाषा शिकवू नये असं मी आजही म्हणत नाही. तेरच्या माणसाचा अर्ज रत्नागिरीच्या माणसाला वाचता यायचा, तर दोघांना चालेल अशी एक रीत हवीच. माझं दुखणं दुसरं आहे. ते घरातलं आहे.

मी जिल्ह्याच्या गावी बदलून गेलो आणि आईला तेरहून बरोबर नेलं. दोन खोल्यांचं भाड्याचं बिऱ्हाड. शाळेतले सोबती येत, त्यांत पुण्याकडून आलेले एकदोघे. त्यांचं बोलणं कसं स्वच्छ, पुस्तकी, परीटघडीचं. एका संध्याकाळी ते आले असताना आई दारात आली आणि कौतुकानं म्हणाली, "बसा बाबांनो, चहा करायले."

पाहुणे नुसते हसले. वाईट हसले असंही नाही. पण माझे कान तापले. मी तिथंच, त्यांच्यादेखत म्हटलं, "आई, करायले नाही. करते आहे म्हणायचं असतं."

आई काही बोलली नाही. आत गेली. चहा आला.

त्यानंतर एक गोष्ट झाली, ती मला लगेच कळली नाही. घरात आम्हीच असलो, की आई पूर्वीसारखी बोले. पण परकं माणूस दारात आलं, की तिची वाक्यं तुटत. कप पुढे करून ती म्हणे, "चहा." तांब्या ठेवून म्हणे, "पाणी." कुणी विचारलं, मास्तर आहेत का, तर म्हणे, "शाळेत." कुणी विचारलं, कशा आहात आजी, तर म्हणे, "बरं." वाक्यातली बाकी पदं असत, क्रियापद नसे. चुकेल तर तेच चुकणार, म्हणून तिनं तेच सोडून दिलं होतं.

आणि मी त्याच वर्षी वर्गात फळ्यावर लिहून देत होतो, की क्रियापद हा वाक्याचा प्राण आहे.

आई 1989 साली गेली. या गोष्टीवर आम्ही दोघं कधी बोललो नाही. काय बोलणार? ही त्या घरात आली ती आईच्याच बोलीची. तिलाही मी सुधारायला गेलो होतो. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुम्ही शाळेत शिकवा. घरात आम्ही बोलू." हिच्यापुढे माझं व्याकरण कधीच चाललं नाही. आईला तेवढं म्हणता आलं नाही. तिला मुलाचं कौतुक होतं ना.

आता त्या दुपारी, नात फ्रेंच भविष्यकाळ घोकत असताना, मी तिची पेन्सिल मागून घेतली. वहीच्या मागच्या पानावर तसेच दोन रकाने आखले आणि डावीकडे लिहिलं – करायलास.

"हे आजी म्हणते ते!" नात म्हणाली. "ठोके मी पाडते. क, राय, लास." तिनं पहिला रकाना भरला. दुसऱ्यात तिनं कर लिहिलं आणि ती थांबली. "पुढे काय? आयला? मग स? की आय आणि लास? आबा, यात आहे कुठं गेलं?"

"आहे नव्हतंच त्यात," मी म्हटलं. "हे मोठ्यानं आणि सावकाश म्हण – करायला लागलास."

तिनं म्हटलं. मग जरा घाईनं म्हटलं. मग आणखी घाईनं. तिसऱ्यांदा ती स्वतःच करायलास म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

काम लागलं आहे, चाललं आहे, संपलेलं नाही – हे सांगणारा लाग हा धातू त्या रूपात होता. तो झिजला. त्याची लास ही शेपूट तेवढी उरली, आणि तिच्यातला ला हा करायलाचा आणि लागलासचा असा दोघांचा मिळून एकच झाला. उस्मानाबादमधल्या त्या ना सारखा. लातूरच्या बाजूच्या करूलालासमध्ये तर चोरी उघडच दिसते. करू लागलास, त्यातला एक ग काढा. करूलालास. फ्रेंच माणसानं आव्हों मधला आव्ह टाकला आणि ओं ठेवला. आमच्या माणसानं लागलास मधला लाग टाकला आणि लास ठेवला. त्याला व्याकरणात भविष्यकाळ म्हणतात. याला मी अशुद्ध म्हटलं.

"आणि आबा," नात म्हणाली, "मी करतेय म्हणते, तेही असंच ना? करते आहे. त्यातला आहे गेला आणि नुसता य राहिला."

मी पेन्सिल खाली ठेवली.

करतोय! येतेय! चाललंय! पुण्यामुंबईच्या कथांत, कादंबऱ्यांत, नाटकांत हे शब्द आम्ही वर्षानुवर्षं वाचत आलो. अख्ख्या आहेचा एक य उरला. ठोके मोजायला गेलं, तर तो य तो च्या ठोक्यातच जाऊन बसतो, कर, तोय. त्याला वेगळी जागाही नाही. तरी त्यावर लाल शाई उमटवावी असं मला कधी वाटलं नाही. करतोय ही झीज आणि करायलोय हीही झीज. एकाच सहाणेवर दोन्ही खोडं घासली गेली. पण एका गंधाचा मी टिळा लावला आणि दुसरं पुसून टाकायला सांगितलं. कारण एकच. ती झीज पुण्याची होती, ही आमची होती.

संध्याकाळी मी कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं. झ्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच पंडितानं आपल्या मराठीचा जन्म आणि वाढ यांवर फ्रेंचमध्ये एक मोठा ग्रंथ लिहिला, तो 1920 साली पॅरिसहून निघाला. पुढे वासुदेव गोपाळ परांजप्यांनी तो मराठीत आणला. नातीला मोठं नवल वाटलं. "म्हणजे मी त्यांची क्रियापदं फोडतेय, आणि त्यांच्यातला एकजण आपली फोडत होता?" फोडत होता खरा. संस्कृतातून, प्राकृतातून येता येता आपल्या शब्दांतला कोणता वर्ण कुठं गळला, कोणता कशात मिसळला, याचा त्यानं सोनाराच्या काट्यानं हिशेब मांडला आहे. त्या हिशेबात झिजणं हा गुन्हा नाही. भाषा चालते म्हणून झिजते. न झिजलेली भाषा पाहायची, तर शिलालेखच पाहावा लागतो.

आणि शिलालेख कशाला? मी जिथं बसलो होतो त्या गावाचंच नाव घ्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक सागरी वर्णनात तगर नावाच्या पेठेचा उल्लेख आहे. पैठणहून आणि या तगरहून गाड्या भरून माल भडोचच्या बंदराला जाई. ते तगर म्हणजे आमचं तेर. इथल्या लामतुऱ्यांनी गोळा केलेल्या त्या काळच्या वस्तू आज गावातल्या सरकारी संग्रहालयात मांडल्या आहेत. पण तगरचं तेर झालं कसं? नगरचं नेर झालं तसंच. अमळनेर, जामनेर, पिंपळनेर. मधला ग गळाला, नगरचं नयर झालं आणि नयरचं नेर. तगरचं तयर झालं आणि तयरचं तेर.

म्हणजे लागलास मधला जो ग, तोच तगर मधला ग! एक लाल शाईखाली गेला आणि दुसरा गावाच्या वेशीवर पाटी होऊन बसला. मी जन्मभर पत्ता लिहिताना तेर लिहीत आलो. कुणी माझ्या पत्त्यावर काट मारली नाही. मला कुणी सांगितलं नाही, की मास्तर, तेर नव्हे, तगर म्हणायचं असतं.

हे सगळं नातीला सांगितलं. आईचं मात्र सांगितलं नाही. ते सांगायला शब्द जुळेनात. तिनंच विचारलं, "तुमच्या आई कसं बोलायच्या, आबा?"

"आजी बोलते तसंच," मी म्हटलं.

"मग तुम्ही का नाही बोलत?"

पोरं प्रश्न विचारतात आणि उत्तर न घेताच पणत्या लावायला निघून जातात, हे एक बरं असतं. ती अंगणात गेली. मी दिव्याखाली कागद घेऊन बसलो आणि हे लिहू लागलो. अंगणात पहिली पणती लागली, दुसरी लागली. आई दिवाळीत पहिली पणती तुळशीपाशी लावायची आणि मला हाक मारून सांगायची, दिवे लावायले रे, ये बघायला. ते वाक्य मी आज कित्येक वर्षांनी मनात म्हणून पाहिलं. मांडीवर ठोकेही मारले. ला, वाय, ले. कुठं अडखळलं नाही. मडकं पक्कं निघालं. कच्चं होतं ते थापटणं धरणाऱ्याचंच.

इतक्यात ही दारात आली. हातात चकलीची बशी. मला असा उशिरापर्यंत लिहिताना पाहून म्हणाली, "अहो, अंधार झाला. काय करायलाव?"

चौतीस वर्षं नोकरीत आणि नंतरची सगळी वर्षं मी या प्रश्नाला एकच उत्तर देत आलो आहे – लिहितो आहे.

"लिहायलो," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. बशी टेबलावर ठेवली. काही बोलली नाही. जाताना दाराशी थांबून एवढंच म्हणाली, "गरम हाय. खाऊन लिहा."